चाखत चाखत तंजावर

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात मराठी माणूस एका भिंतीशी हमखास थबकतो. तमिळ आणि ग्रंथ लिपीतल्या हजार वर्षांपूर्वीच्या लेखांवरून नजर फिरवत प्राकाराच्या नैर्ऋत्येला पोचलं, की दगडावर देवनागरी अक्षरं दिसू लागतात आणि ती वाचता येतात. भोसले घराण्याचं हे चरित्र दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणिसांनी रचलं. तारीख आहे १३ डिसेंबर १८०३. कागदावर लिहायची बखर या राजाने मंदिराच्या भिंतीवर कोरून घेतली, तीही राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या मंदिराच्या.

बहुतेक सहलींत या भिंतीच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. मग राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, आणि दुपारी एखाद्या हॉटेलात केळीच्या पानावर जेवण. सकाळी पाहिलेला इतिहास आणि दुपारी जेवलेलं अन्न यांची गाठ कुणीच घालून देत नाही. खरं तर त्या पानावरच्या निम्म्या पदार्थांना भिंतीवरच्या मजकुराइतकंच सांगण्यासारखं असतं. तंजावर गटाने, जाणत्या गाईडबरोबर, पायी आणि चाखत पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं. मात्र चाखताना शिलालेखाला विचारतो तेच प्रश्न घासालाही विचारायला हवेत: तू कोणत्या काळातला, कुठून आलास, आणि हे कशावरून?

शहराचा इतिहास आणि चव एकत्र बांधण्याची कल्पना जगात प्रामुख्याने वाईनच्या गावांनी रुजवली. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात पाहुणे जुन्या गल्ल्या हिंडून नदीपलीकडच्या गाया या शहराच्या तळघरांत पोर्ट वाईन चाखायला उतरतात. ज्या दोउरू खोऱ्यातून ती द्राक्षं येतात त्याची हद्द सरकारने १७५६ मध्येच आखून दिली होती, त्यामुळे प्याल्याबरोबर राजकारण, व्यापार आणि भूगोलही सांगता येतो. आपल्याकडे हा मान नाशिकचा. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सुला विनयार्ड्सने २००५ मध्ये पाहुण्यांसाठी वाईन चाखण्याची खोली उघडली, २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि सकाळी पांडवलेण्यांतले सातवाहन-क्षत्रपांचे लेख, संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळे, असा दिवस आखणं सोपं झालं.

तंजावरला द्राक्षं पिकत नाहीत. तमिळनाडूतली द्राक्षं पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, थेनी जिल्ह्यातल्या कंबम खोऱ्यात होतात. कावेरीचा त्रिभुज प्रदेश भाताचा. शिवाय या राज्याचं दारूशी असलेलं नातं फार गुंतागुंतीचं आहे. राजाजींनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली, पुढे ती सगळ्या मद्रास प्रांतात पसरली, १९७१ मध्ये उठली, काही वर्षांत पुन्हा आली. १९८३ मध्ये ‘टास्मॅक’ हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याच हातात गेली. माडाची ताडी, जिला तमिळमध्ये कल्लू म्हणतात, ती १९८७ पासून बंद आहे. अशा ठिकाणी वाईन निवांत चाखण्याची सहल मूळ धरणं कठीण.

पण कावेरीच्या मुखाशी वाईन कधी आलीच नाही, असं कुणी म्हटलं तर ते चूक ठरेल. संघम काळातल्या पुरनानूरु या संग्रहातल्या ५६ व्या कवितेत यवनांनी गलबतांतून आणलेल्या सुगंधी मद्याचा उल्लेख आहे. त्या काळी चोळांचं मोठं बंदर होतं कावेरीपूमपट्टिणम, म्हणजे पुहार. कावेरी जिथे समुद्राला मिळते तिथे. किनाऱ्याने उत्तरेला गेलं की पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू लागतं. मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथे १९४५ मध्ये उत्खनन केलं आणि भूमध्य समुद्राच्या काठावरून आलेल्या अँफोरांचे, म्हणजे दोन कानांच्या निमुळत्या मातीच्या घागरींचे तुकडे मिळाले. त्यांतले अनेक वाईनच्या घागरींचे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ श्रीमंतांना ग्रीक-रोमन वाईनची चव ठाऊक होती, हे गाईडने मंदिराच्या दारातच सांगावं. बाहेरून आलेली चव आपलीशी करण्याची या प्रदेशाची सवय किती जुनी, हे ऐकणाऱ्याला तिथेच कळतं.

वाईनच्या जाणकारांत चाखण्याची एक रीत आहे: एकाच मळ्याची वाईन निरनिराळ्या वर्षांची घ्यायची आणि जुनीकडून नवीकडे प्यायची. मळा तोच राहतो, साल बदलतं, आणि मधल्या काळात काय घडलं ते जिभेला कळतं. तंजावरला हीच रीत लावावी. शहर एक, राजवटी चार: चोळ, नायक, मराठे, इंग्रज. पदार्थ त्याच क्रमाने यावेत.

सुरुवात मोठ्या देवळापासूनच करावी, आणि पहाटे. दुपारी देऊळ बंद होतं आणि अनवाणी पायांना तिथला तापलेला दगड सोसत नाही. आत जाताना पहिलं प्रवेशद्वार मराठा काळातलं लागतं, मग केरळांतकन आणि राजराजन ही चोळांची दोन गोपुरं. समोरचा प्रचंड नंदी नायकांच्या काळातला. म्हणजे शंभर पावलांत तीन राजवटी ओलांडून होतात. गर्भगृहाभोवतीच्या मार्गात नायककालीन चित्रांच्या थराखाली चोळांची भित्तिचित्रं दडलेली होती. ती १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना सापडली. शहराच्या स्वयंपाकाचंही असंच आहे. वरचा थर खरवडला की खालचा दिसतो.

राजराजाचे लेख वाचताना लोक सहसा दानाचं सोनं आणि जवाहीर मोजतात. मला त्यांतली वाणसामानाची यादी जास्त मोलाची वाटते. देवाच्या नैवेद्यासाठी रोज काय लागेल, त्यासाठी किती रक्कम कोणत्या गावाकडे ठेवायची आणि तिचं व्याज कसं यायचं, याचा तपशील तिथे कोरलेला आहे. त्यात तांदूळ, डाळ, तूप, दही, केळी आहेत; मिरी, मोहरी, जिरं, चिंच आहे; सुपारी आणि विड्याची पानं आहेत. देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावंही आहेत, आणि प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात नेमून दिल्याची नोंद आहे. हिंदुस्थानात एवढी जुनी आणि एवढी नेमकी स्वयंपाकघराची यादी दगडावर क्वचित सापडते. मिरची या यादीत असणं शक्यच नव्हतं. ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली, म्हणजे पाचशे वर्षांनी. म्हणून पहिला घास मिरचीशिवायचा असावा: मिरी, जिरं आणि तुपातला वेण पोंगल. हा पदार्थ चोळांच्या वेळचाच आहे असा दावा करायची गरज नाही. त्यातला तिखटपणा कुठून येतो एवढं जिभेला कळलं, तरी भिंतीवरची यादी जिवंत होते.

याच टप्प्यावर नीरागारमही द्यावं. रात्री उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचं. सकाळी ते पाणी आंबूस होतं, मीठ-ताक-कांद्याबरोबर प्यायचं. रात्रभरात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू भातातल्या पिठूळ भागावर काम करतात, म्हणून तो आंबूसपणा. डेल्टातल्या शेतमजुराची सकाळ पिढ्यान् पिढ्या याच पेयाने सुरू झाली. राजवाड्याच्या गोष्टी ऐकायला आलेल्या गटाला ते आधी पाजावं, कारण राजवाडा ज्या भातावर उभा राहिला तो पिकवणारे हे पीत होते.

देवळाकडून राजवाड्याकडे जाताना वाटेत एक वळण शिवगंगा बागेकडे घ्यावं. तिथे श्वार्ट्झ यांचं चर्च आहे, १७७९ सालचं. क्रिश्चियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी सरफोजींचे शिक्षक आणि पाठीराखे. त्यांच्या मृत्यूनंतर राजाने इंग्लंडमधले शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मृत्युशय्येवरच्या गुरूचा हात धरून उभा असलेला शिष्य त्यात दिसतो. हिंदू राजाने ख्रिस्ती गुरूसाठी उभारलेलं ते स्मारक पाहून मगच राजवाड्यात शिरावं, म्हणजे सरफोजी कोण होते ते नीट कळतं.

पण त्यांच्याआधी सव्वाशे वर्षांची मराठी राजवट आहे. नायकांचं राज्य १६७३ मध्ये मदुराईच्या नायकांनी बुडवलं. विजापूरकरांच्या वतीने व्यंकोजीराजे तिथे गेले आणि १६७५ च्या सुमारास तंजावर स्वतःच्याच हाती ठेवून बसले. शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले तेव्हा १६७७ मध्ये कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमलवाडीला या सावत्र भावांची भेट झाली. वडिलार्जित वाट्यावरून ती बिनसली आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून परतले. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत तंजावरचा उल्लेख बहुधा एवढ्याच प्रसंगापुरता येतो. प्रत्यक्षात हे राज्य १८५५ पर्यंत, म्हणजे पेशवाई बुडाल्यावरही सदतीस वर्षं, नावापुरतं का होईना, टिकलं. १७९९ च्या तहानंतर सरफोजींकडे सत्ता उरली ती किल्ल्यापुरती. तलवारीला काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी ग्रंथ, छापखाना, औषधं, संगीत यांत स्वतःला झोकून दिलं. १८२६ मध्ये बिशप हेबर त्यांना भेटला, तेव्हा लाव्हाझिए आणि लिनियसपासून शेक्सपिअरपर्यंत राजाचं वाचन पाहून तो थक्क झाला.

सरस्वती महालाचा पाया नायकांच्या ग्रंथसंग्रहाचा, त्याला वैभव दिलं सरफोजींनी. १८२० ते १८२२ या काशीयात्रेतही त्यांनी ग्रंथ जमवले. आर्थर बर्नेल यांनी इथल्या संस्कृत पोथ्यांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली आणि १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी अशा हजारो हस्तलिखितांच्या या साठ्यात व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या काळातली मराठी नाटकं आहेत. सरफोजींनी स्वतः रचलेली ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे. कुरवंजी या तमिळ नृत्यनाट्याच्या घाटात मराठीतून जगाचा भूगोल शिकवणारी ही रचना. याच शहरात देवनागरी छापखाना चालत होता, आणि इसापनीतीचं मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ १९ व्या शतकाच्या पहिल्या दशकात इथेच छापलं गेलं, मुंबईत मराठी छपाई रुळण्याच्या बरंच आधी.

चाखत फिरणाऱ्या गटाने इथे दोन पुस्तकांची नावं वहीत लिहून घ्यावीत. पहिलं ‘भोजनकुतूहल’. रघुनाथ नवहस्त नावाच्या पंडिताने हा संस्कृत ग्रंथ १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिला. रघुनाथाला व्यंकोजींची राणी दीपाबाई हिचा आश्रय होता, आणि समर्थ रामदासांशी त्याचा स्नेह होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. कोणतं धान्य, कोणती भाजी, कोणतं पाणी प्रकृतीला काय करतं ते त्यात आयुर्वेदाच्या अंगाने सांगितलं आहे, आणि कुंडलिका या नावाने जिलबीची कृतीही आहे. राज्य हाती येऊन काही वर्षंच झालेली असताना या दरबाराने अन्नावर ग्रंथ लिहवून घ्यावा, हे मला फार बोलकं वाटतं. दुसरं पुस्तक ‘शरभेंद्र पाकशास्त्र’. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. त्यांच्या मुदपाकखान्यातल्या कृतींचं हे मराठी हस्तलिखित सरस्वती महालाने छापून प्रसिद्ध केलं आहे. शाकाहारी आणि मांसाहारी असं दोन्ही रांधणं त्यात येतं. एका राजाने ठेवलेल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी आणि त्याच राजाच्या स्वयंपाकाच्या कृती एकाच इमारतीत सापडाव्यात, असं ठिकाण मला दुसरं ठाऊक नाही.

आता चाखण्याचा मुख्य टप्पा. इथे गाईडची परीक्षा असते, कारण इथे सांबार येतं.

गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. संभाजीराजे तंजावरला पाहुणे म्हणून आले. त्यांना आवडणाऱ्या आमटीसाठी आमसुलं संपली होती. शहाजीराजांनी चिंच घातली. पाहुण्याच्या नावावरून पदार्थाला नाव पडलं. गोष्ट गोड आहे आणि तिच्यात भूगोल अगदी बरोबर आहे: कोकमाची झाडं कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत, कावेरीकाठी चिंच मुबलक. पण या मेजवानीचा समकालीन कागद कुणी दाखवलेला नाही. उलट अन्नाचे इतिहासकार के. टी. अचया यांनी म्हैसूरच्या राजावरच्या १६४८ च्या एका कन्नड काव्यातला हुळीचा उल्लेख पुढे आणला. हुळी म्हणजे सांबाराचीच सख्खी बहीण, आणि १६४८ मध्ये तंजावरला मराठी राज्य नव्हतंच. डाळ, भाजी आणि आंबट यांचं मिश्रण दक्षिणेत मराठ्यांच्या आधीपासून शिजत होतं, असं मानायला ही नोंद पुरेशी आहे. चोळांच्या यादीत डाळही आहे आणि चिंचही आहे, हे सकाळीच पाहिलेलं असतं.

मराठी गटापुढे हे सांगताना गाईड कचरतो, कारण ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात. पण सांगायलाच हवं. दंतकथेवर उभा केलेला अभिमान पहिल्या प्रश्नाला डळमळतो, आणि तंजावरला मराठी स्वयंपाकाची भक्कम खूण असताना तसा अभिमान धरण्याचं कारणही नाही. ती खूण म्हणजे डांगर पचडी.

उडदाची डाळ भाजून तिचं पीठ करायचं, ते दह्यात कालवायचं, मीठ, मोहरी-हिंगाची फोडणी, वर कोथिंबीर. तंजावरच्या घराघरांत, तमिळ ब्राह्मण कुटुंबांतही, हे पानात वाढतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही आजीने हा पदार्थ डोळे मिटून ओळखावा: आपलं उडदाचं डांगर. आपण त्यात कच्चा कांदा आणि लाल तिखट घालतो, तिकडे बहुधा हिरवी मिरची आणि दही जास्त. बाकी घडण तीच, नावही तेच. तमिळ शेजारपाजारात मात्र हा पदार्थ तंजावर पट्ट्याची खासियत मानला जातो. याच्याशी कुठल्या राजाची गोष्ट जोडलेली नाही, कुणी पाहुणा आलेला नाही. कुणीतरी बाई देशावरून किंवा कोकणातून पाटा-वरवंटा घेऊन गेली, तिने सवयीने डांगर कालवलं, शेजारणीने चव घेतली. चळवळी, लढाया, तह यांच्या कागदांत न सापडणारं स्थलांतर असं एका वाटीत सापडतं, आणि म्हणून मला सांबाराच्या दहा गोष्टींपेक्षा ही वाटी मोलाची.

तिच्या शेजारी रसवांगी ठेवावी. कोवळी वांगी, चिंचेचा कोळ, डाळ, आणि धणे-हरभराडाळ-मिरची-खोबरं भाजून वाटलेला मसाला. वांग्याला भाजलेल्या वाटणात शिजवण्याची रीत आपली, चिंच आणि नारळाचा हात डेल्टाचा. डांगर जसं होतं तसं राहिलं. रसवांगी मात्र निम्मी तमिळ झाली. दोन्ही एकामागोमाग चाखले की दोन समाज जवळ राहताना काय काय होऊ शकतं ते उमगतं: काही वस्तू जशाच्या तशा टिकतात, काहींचं लग्न लागतं. इथल्या मराठी घरांतल्या बोलीचंही हेच झालं आहे. ती ऐकताना शब्द ओळखीचे वाटतात, हेल मात्र तमिळ असतो. सर टी. माधवराव याच समाजातले, कुंभकोणमचे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांची दिवाणगी त्यांनी केली, आणि बडोद्यात सयाजीरावांच्या अल्पवयात कारभार सांभाळला. तंजावरहून निघालेला मराठी माणूस असा वळसा घालून पुन्हा मराठी दरबारात पोचला.

जेवणाचा विषय निघाला आहे तर छत्रांबद्दल बोललंच पाहिजे, कारण राजवाड्याच्या स्वयंपाकापेक्षा त्यांचं अन्न कितीतरी जास्त तोंडांपर्यंत पोचलं. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली. बऱ्याच छत्रांना राजघराण्यातल्या बायकांची नावं आहेत. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ उभारलं. कंपनीचं सरकार या छत्रांचं उत्पन्न ताब्यात घेईल, अशी भीती वाटली तेव्हा १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिलं. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न मिळतं, लहान मुलांना दूध, आजाऱ्याला औषध, बाळंतिणीला सांभाळ, असं त्यात आहे. सगळी सत्ता हातची गेलेल्या राजाने एवढी एक गोष्ट आपल्याकडे राहू द्या म्हणून केलेली ती विनंती आहे. ओरत्तनाडू शहरापासून दूर असल्यामुळे पायी फेरीत बसत नाही. पण गटाकडे गाडी असेल तर अर्धा दिवस तिकडे द्यावा, आणि त्या दिवशी साधा भात, रसम, ताक एवढंच जेवावं.

शेवटी कॉफी. कितीही पोटभर झालं तरी कुंभकोणम डिग्री कॉफीशिवाय गट सुटत नाही, आणि सुटूही नये. मात्र ती सगळ्यात शेवटी द्यावी, कारण तिचा कडवटपणा आणि दुधाची साय जिभेवर बसली की नंतरच्या बारीक चवी कळत नाहीत.

तिची रीत पाहण्यासारखी असते. पितळी किंवा स्टीलचा दुमजली फिल्टर. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात ताजी दळलेली पूड, वरून चकतीने हलकेच दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि वाट पाहायची. थेंब थेंब खाली उतरतं ते डिकॉक्शन. पुडीत साधारण पाचवा हिस्सा चिकोरीचा असतो. चिकोरी पाणी धरून ठेवते, उतरणं सावकाश होतं, आणि अर्क दाट, गडद होतो. दूध ताजं आणि बिनपाण्याचं हवं. ‘डिग्री’ हा शब्द दुधाची शुद्धता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवरून आला असं बहुतेक जण सांगतात. मग दवरा-टंबलरमध्ये हातभर उंचीवरून वरखाली ओतायची: साखर विरघळते, फेस येतो, ओठ भाजणार नाहीत इतकी ती निवते. वाईन चाखतात तशीच ही चाखता येते. आधी दूध न घालता चमचाभर डिकॉक्शन, त्याचा वास, मग घोट. नंतर चिकोरी असलेलं आणि नसलेलं शेजारी शेजारी. मग दुधासह पूर्ण टंबलर.

या टंबलरबरोबर राजाची गोष्ट सांगू नये. आज आपण पितो ती फिल्टर कॉफी तमिळ घरांत रुळली १९ व्या शतकाच्या अखेरीपासून, म्हणजे राज्य खालसा झाल्यानंतर. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी या बदलावर सुंदर लिहिलं आहे. तिने सकाळचं नीरागारम मागे सारलं, ती ब्राह्मण मध्यमवर्गाची ओळख बनली, आणि चहा कष्टकऱ्यांच्या वाट्याला आला. कॉफी क्लबांतून आणि हॉटेलांतून ब्राह्मणांसाठी वेगळी बसायची जागा असे, आणि त्याविरुद्ध पेरियारांच्या चळवळीला झगडावं लागलं. चवीचा इतिहास सांगायचा तर कुणाला कुठे बसू दिलं नाही हेही त्यातच येतं. सकाळी नीरागारमने सुरू झालेली फेरी कॉफीवर संपते, तेव्हा गटाला हा प्रवास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वर विडा. कुंभकोणमच्या परिसरातली पानं प्रसिद्ध आहेत, कोवळी आणि कमी तिखट. चोळांच्या यादीतली सुपारी आणि पानं इतक्या राजवटींतून जवळजवळ तशीच उरली.

अशी फेरी काढायची तर काही व्यवहार पाळावे लागतात. गट दहा-बाराचा असावा. जास्त माणसं झाली की शिलालेखाशी मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि वाट्या थंड होतात. वाढणी चमचा-दोन चमच्यांची, नाहीतर तिसऱ्या थांब्यालाच लोक झोपाळतात. क्रम हलक्याकडून तिखट-आंबटाकडे, मग गोड. गोडात तिरुवैयारूचा अशोका हलवा घ्यावा. मुगाच्या डाळीचा हा हलवा तिथल्या गल्लीत ताजा मिळतो, आणि गाव तंजावरपासून जेमतेम तेरा किलोमीटर, त्यागराजांच्या समाधीचं. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पौष वद्य पंचमीला त्यागराज आराधनेची गर्दी असते, ती हवी असेल तर मुद्दाम गाठावी. स्वयंपाक शक्यतो स्थानिक घरातला असावा, आणि रांधणाऱ्या बाईला गटासमोर बोलायला बोलवावं. कृती तिच्याकडे आहे. गाईडकडे फक्त सालं आहेत.

ज्यांना वाईनच हवी त्यांच्यासाठीही तंजावरच्या मराठी इतिहासातूनच एक वाट निघते. गादीच्या भांडणात अडकलेल्या तंजावरच्या राजाने १७३८ मध्ये फ्रेंचांना कारैकल देऊ केलं, आणि १७३९ मध्ये फ्रेंचांनी ते ताब्यात घेतलं. १९५४ मध्ये ते भारतात आलं, पण तमिळनाडूत नव्हे. पुदुच्चेरीचा भाग म्हणून. त्यामुळे डेल्टाच्या अगदी कडेला असूनही कारैकलला अबकारीचे कायदे वेगळे, आणि तिथे परवानाधारक खासगी दुकानांतून वाईन मिळते. दोन दिवसांची सहल असेल तर दुसऱ्या दिवशी कुंभकोणमवरून तिकडे जावं. कारैकलच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर तरंगंबाडी आहे. रघुनाथ नायकाने १६२० मध्ये ते डेन्मार्ककरांना दिलं, आणि त्याने डॅनिश राजाला सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं पत्र कोपनहेगनच्या अभिलेखागारात अजून आहे. नायकांनंतर मराठे आले तरी डॅनिश लोक तंजावरच्या दरबाराला वार्षिक खंडणी देत राहिले. १८४५ मध्ये त्यांनी गाव इंग्रजांना विकलं. त्यांचा डान्सबोर्ग किल्ला समुद्राला लागून आहे, आणि तो दिवसा उजेडी पाहून मग संध्याकाळी कारैकलला परतणं सोयीचं पडतं.